चिंचोका फाटकाबाहेर का पळतो?

आमचा चिंचोका पळपुटा नाही, हे आधीच सांगून ठेवते. सकाळी दुधाची गाडी आली की फाटक सताड उघडतं, आणि हा पठ्ठ्या पायरीवर पसरलेला असतो. ढुंकूनसुद्धा बघत नाही. पण घरातून कोणी पाहुणा निघाला की याच्या अंगात काय संचारतं कोण जाणे. ताडकन उठतो आणि पाहुण्याच्या मागोमाग सुसाट बाहेर. फाटक तेच, कुत्रा तोच. मग एकदा पळतो आणि एकदा पळत नाही, असं का?

हे कोडं सुटलं नसतं तर चिंचोका आज आमच्या घरी नसता.

मी शाल्मली, सहावीत आहे. आम्ही नवनिंबोडीत राहतो. आमच्या गावातल्या सगळ्या गाड्या विनाचालक (चालकाशिवाय, स्वतःच रस्ता बघून धावणाऱ्या) आहेत आणि त्यांचा अजिबात आवाज होत नाही. समोर काही आलं की त्या ब्रेक लावतात. पण ब्रेक लागला म्हणून गाडी जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे घसरतेच. हे मला तात्यांनी समजावलं. तात्या म्हणजे माझे आजोबा. ते ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) आहेत. निवृत्त झालेत म्हणे, पण घरातल्या मिक्सरपासून माझ्या घोरण्यापर्यंत सगळ्याचा अभ्यास चालूच असतो.

चिंचोका मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला. गावठी पिल्लू, चिंचोक्यासारखंच काळपट तपकिरी आणि तुकतुकीत. त्याला आणताना आईने मला बजावलं होतं, "सगळं तुला करावं लागेल. नंतर माझ्या गळ्यात घालायचं नाही." मी सगळं केलं. रेबीजची (पिसाळण्याच्या रोगाची) लस टोचून आणली. त्वचेखाली ओळखचिप बसवून घेतली. दिवसभर ताजं पाणी ठेवलं, दुपारी डांबर तापलेलं असताना त्याला रस्त्यावर नेलं नाही, आणि फिरताना त्याने केलेली घाण मी स्वतः पिशवीत उचलली. त्यावर माझी मैत्रीण मला आठवडाभर हसली, ते सोडा. मला वाटायचं, झालं की, जबाबदारी म्हणतात ती हीच.

मग एके दिवशी आमच्याकडे राहायला आलेली मामी घरी निघाली, चिंचोका तिच्यामागे पळाला आणि शेजारच्या जुईच्या तीनचाकीला धडकला. जुई चार वर्षांची. गुडघा फुटला तिचा. त्याने तिला चावलं वगैरे नाही, पण त्या दिवसापासून चिंचोका अंगणात दिसला की जुई घराबाहेर यायची नाही. खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही. तिची आई नलूकाकू माझ्याशी पहिल्यासारखीच हसून वागली, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा पळाला. मग मात्र कोणीतरी गावच्या 'प्राणीसोबत' कार्यालयाला (पाळीव प्राण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या) कळवलं आणि दक्ष आमच्याकडे आला.

दक्ष हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). उंचीला माझ्याएवढा, रंगाने पिस्त्यासारखा, बोलायला इतका नम्र की आईने त्याला सवयीने पाणी विचारलं. त्याने चिप तपासली, लसीची नोंद बघितली, चिंचोक्याचे दात, नखं, पाण्याचं भांडं, झोपायची जागा, सगळं बघितलं. "उत्तम सांभाळलंय," असं म्हणाला. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मग त्याने हात जोडले. "बरं, येतो मी."

तात्या खूश झाले. आमच्या घरी निघताना 'जाते' म्हणायचं नाही, असा त्यांचा दंडक आहे. 'येते' म्हणायचं. "बघ शाल्मले," ते म्हणाले, "यंत्राला कळतं कसं बोलायचं ते. आणि तू काल 'जाते' म्हणून गेलीस."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चिंचोका माझ्या पायांमधून निसटला. दक्षच्या मागे फाटकाबाहेर, थेट रस्त्यावर. तेवढ्यात एक मालवाहू गाडी आली. ब्रेक लागला. गाडी घसरत पुढे आली आणि चिंचोक्याच्या शेपटीपाशी थांबली.

मी धावत रस्त्यावर गेले. चिंचोका दक्षसमोर शेपूट हलवत उभा होता, काहीतरी मिळेल अशा आशेने वर बघत.

दक्ष त्याला पट्ट्याला धरून आत घेऊन आला. "मला वाईट वाटतंय असं मी म्हणू शकत नाही, कारण मला वाटत नाही," तो म्हणाला. "पण नियम असा आहे. कुत्रा वारंवार रस्त्यावर येत असेल तर तो स्वतः मरेल किंवा कोणालातरी पाडेल. पंधरा दिवसांनी मी परत पाहणी करेन. तेव्हाही तो सुरक्षित नसेल, तर त्याला गावाबाहेरच्या श्वाननिवाऱ्यात न्यावं लागेल."

आई म्हणाली, "आता फाटकाला कुलूपच घालू."

"कुलूप घालूच," तात्या म्हणाले. "पण कुलूप उघडावंही लागतं. तो का पळतो ते कळायला हवं."

मी रडत होते. तात्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "झालं? आता प्रयोग करू."

तात्यांच्या प्रयोगाचा नियम सोपा असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. चिंचोक्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात एक संवेदक (बदल टिपणारा छोटा भाग) आहे. तो त्याच्या हृदयाचे ठोके मोजतो आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळात दाखवतो. आम्ही फाटक बंद केलं, चिंचोक्याला साखळी लावली, आणि एकेक गोष्ट बदलत गेलो.

आधी आई चपला घालून फाटकापर्यंत गेली. ठोके जागच्या जागी. मग आई पर्स घेऊन गेली. काही नाही. मग तात्या छत्री घेऊन, टोपी घालून, अगदी मामीसारखं हळूहळू चालत गेले. चिंचोक्याने जांभई दिली. मी म्हटलं, "तात्या, तुम्ही नाटकात गेला नाहीत, ते बरंच झालं."

आम्ही दमलो. कोडं काही सुटेना. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, "अगं, करपल्याचा वास येतोय का?"

चिंचोका ताडकन उठला. साखळी ताणून स्वयंपाकघराकडे बघायला लागला. माझ्या मनगटावर ठोके धडाधड वाढले.

फाटकाकडे नाही, स्वयंपाकघराकडे. म्हणजे बाहेर जाण्याचा आणि पळण्याचा काही संबंधच नव्हता. मी तात्यांकडे बघितलं आणि तात्यांनी माझ्याकडे.

"तात्या," मी हळूच म्हटलं, "तुम्ही त्याला बोलवायला कोणता शब्द शिकवलात?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "ये," ते म्हणाले.

चिंचोका साखळी ओढत त्यांच्याकडे झेपावला.

मग तात्यांनी मला नीट समजावलं, आणि मी ते तुम्हाला सांगते. आपण 'ये' ऐकतो तेव्हा शब्द ऐकतो. 'येते' हा त्याच शब्दाचा भाऊबंद आहे, पण निघताना त्याचा अर्थ 'आता जाते, परत येईन' असा होतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. कुत्र्याला व्याकरण येत नाही. त्याला ऐकू येतो तो आवाज, मग तो 'येते'मधला असो की आईच्या 'येतोय'मधला. पिल्लू असताना तात्या 'ये' म्हणायचे आणि तो आला की लगेच भाकरीचा तुकडा द्यायचे. आवाज, मग भाकरी. पुन्हा आवाज, पुन्हा भाकरी. असं खूप वेळा झालं की मेंदूत त्या दोघांची जोडी जमते. याला साहचर्यातून शिकणं (एका गोष्टीमागून दुसरी येते हे अनुभवून दोन्ही जोडणं) असं म्हणतात. शाळेची घंटा झाली की आपल्याला डबा आठवतो ना, तसंच.

"म्हणजे मामी 'येते गं' म्हणाली तेव्हा..."

"तेव्हा त्याला वाटलं, मामी आपल्याला बोलावतेय," तात्या म्हणाले. "आणि बोलावणारी माणसं फाटकाबाहेर चालली होती. आपण घरचे फाटक लावून घेताना 'येते' म्हणतो, म्हणून आपल्यामागे तो कधी बाहेर पडला नाही. तो पळून जात नव्हता, शाल्मले. तो सांगितलेलं ऐकत होता."

मला एकदम इतकं भरून आलं. त्या मालवाहू गाडीसमोर तो शेपूट हलवत उभा होता, कारण त्याला वाटत होतं की आपण शहाण्यासारखं वागलोय. मी त्याच्या मानेत तोंड खुपसलं. त्याच्या कानाला मातीचा वास येत होता.

उपाय काय? आई म्हणाली, "त्यात काय, आपण 'जाते' म्हणू." तात्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांचा चष्मा मोडला. तरी आम्ही एक दिवस करून बघितलं. संध्याकाळपर्यंत आई पाच-सहा वेळा चुकली, नलूकाकू आली तीही 'येऊ का मग?' म्हणूनच परत गेली, आणि तात्या तर कुठेच गेले नाहीत, म्हणजे 'जातो' म्हणायलाच नको. अख्ख्या गावाची जीभ काही आम्हाला वळवता येणार नव्हती.

"मग कुत्र्याचा शब्द बदलू," मी म्हटलं.

जुनी जोडी पुसली जाते, पण हळूहळू. 'ये' म्हटल्यावर काहीच मिळेनासं झालं की तो आवाज त्याच्यासाठी फिका पडत जातो. याला विलोपन (जमलेली जोडी सैल होत जाणं) म्हणतात. आणि त्याच वेळी नवी जोडी जमवायची. नवा शब्द असा हवा की तो कोणीही दारात उभं राहून बोलत नाही. आई म्हणाली 'कोथिंबीर', पण तो भाजीवालीच दारात म्हणते. तात्यांनी आपल्या शास्त्रातला 'अनुनाद' सुचवला. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. शेवटी 'झुंबर' ठरला. आमच्या गावात एकाही घरात झुंबर नाही.

तात्यांनी एक ताकीद दिली. हा शब्द रागावताना कधीच वापरायचा नाही. 'झुंबर' म्हणून बोलावलं आणि मग ओरडलं, तर त्या आवाजाची जोडी ओरडण्याशी जमेल आणि तो येणारच नाही. त्यामुळे चिंचोक्याने माझी नवी चप्पल चावून ठेवली तेव्हासुद्धा मी दात-ओठ खाऊन गप्प बसले.

रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही सराव केला. थोडाच वेळ, तो कंटाळायच्या आत थांबायचं. आई फाटकापाशी जाऊन 'येते' म्हणायची, तो उठायचा, काही मिळायचं नाही, तो बसला की मी भाकरी द्यायची. पहिल्या दिवसांत तो बिचारा गोंधळून आमच्या तोंडाकडे बघायचा. मग उठणं अर्ध्यावर आलं, मग नुसते कान हलायला लागले. तात्यांनी आणि मी फाटकाच्या आत दुसरं छोटं फाटक बसवलं, म्हणजे एक उघडताना दुसरं बंदच राहील. ठोकताना तात्यांचं बोट चेचलं, आणि ते काय म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.

पंधरा दिवसांनी दक्ष आला. त्याने दोन्ही फाटकं उघडी ठेवायला सांगितली. मी चिंचोक्याजवळ साखळी हातात धरून उभी राहिले. आई 'येते' म्हणून बाहेर गेली. तो बसून राहिला. नलूकाकू 'येते हं' म्हणाली. कान हलले, बस. मग दक्ष स्वतः हात जोडून म्हणाला, "येतो मी." चिंचोक्याने माझ्याकडे बघितलं आणि तो बसूनच राहिला. मी मनातल्या मनात उडी मारली.

आणि त्याच क्षणी फाटकासमोरून एक मुंगूस पळालं.

चिंचोका बाणासारखा सुटला. मी 'झुंबर' म्हणून ओरडले, पण त्याला ऐकूच गेलं नाही. साखळीला हिसका बसला, मी तोंडावर आपटले, दोन्ही कोपरं सोलवटली. पण साखळी सोडली नाही. तो फाटकाच्या उंबऱ्यावर अडकून उभा राहिला, आणि समोरून एक गाडी आवाज न करता निघून गेली.

संपलं सगळं, मला वाटलं. मी उठलेच नाही. तिथेच पडून साखळी छातीशी घट्ट धरली. "नका नेऊ त्याला," मी म्हटलं.

दक्ष माझ्याशेजारी खाली बसला. त्याचे गुडघे कुरकुरले. "एक विचारायचंय," तो म्हणाला. "तो शिकला होता. तिन्ही वेळा बसला. मग तू साखळी का धरून ठेवलीस?"

"कारण तो कुत्रा आहे," मी नाक पुसत म्हटलं. "मुंगूस दिसल्यावर त्याच्या मनात काय येईल ते मला नाही ठरवता येत. साखळी धरणं मला येतं. तो चुकला तर गाडीखाली तो येणार, नाहीतर जुई पडणार. पण चूक माझीच ना."

दक्षने साखळी धरलेल्या माझ्या मुठीकडे बघितलं. मग म्हणाला, "कुत्रा शिकवलेला आहे का, हे मी बघायला आलो होतो. खरं तर मालक शिकलेला आहे का, हे बघायचं असतं. चिंचोका इथेच राहील."

आई फाटकाबाहेर उभी राहून डोळे पुसत होती आणि तात्या चष्मा. मी चिंचोक्याला जवळ ओढलं. तो अजून मुंगसाच्याच वाटेकडे बघत होता, त्याला कशाचंच काही नव्हतं.

आता दक्ष नव्या कुत्र्याच्या घरी पहिल्यांदा जातो तेव्हा लस आणि चिप नंतर बघतो. आधी घरातल्या मुलांना समोर बसवतो आणि विचारतो, "तुमच्याकडे निघताना काय म्हणतात?"