विटांवरची फियाट

त्या संध्याकाळी भालचंद्र लघाटे फक्त पेट्रोल भरायला गेला होता. बाग सेवनियातून होशंगाबाद रोडला यायचं, टाकी भरायची आणि घरी परत. टाकी अर्धी होती, तरी गेला. मुलीचा नववा महिना चालू होता ना, मग रोज संध्याकाळी काटा बघायचा आणि भरून आणायची, असं त्याचं चाललं होतं.

निखिल, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर बघू. लाइट यायची तेव्हा येईल. आणि अदिती, तू वर सरकून बस, अंधारात पायऱ्यांवर पाय सोडून बसू नकोस. जुनी जीप घ्यायची म्हणतोस ना रे? थंडीच्या दिवसांत फिरवायची, बाकी वर्षभर ठोकाठोकी करत बसायचं? घे की. मी कोण नाही म्हणणारा. पण हे ऐक, आणि मग घे. आणि मधे मधे 'काका, खरंच?' असं विचारायचं नाही. खोटं सांगायला मला काही पगार मिळत नाही.

भालचंद्र म्हणजे कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर आख्खी नोकरी काढलेला माणूस. इलेक्ट्रिकलचा. देवाला हात जोडतानासुद्धा वायरिंग बघणारा. त्यानं एक जुनी फियाट भंगारातून उचलून आणली आणि स्वतःच्या हातानं उभी केली. रविवारी लघाटे कुठे? तर गाडीखाली. नुसते पाय दिसायचे. पण गाडी हंगामी. तळ गंजलेला, वायपर मनात आलं तर चालायचा. म्हणून त्याचा नेम ठरलेला. दसऱ्याला झेंडूचा हार घालून बाहेर काढायची. होळी झाली की जॅक लावायचा, खाली विटा रचायच्या, चाकं अधांतरी, बॅटरी काढून बाजूला आणि वर ताडपत्री. मग पुढच्या दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही.

रत्नावहिनींना दमा होता. पावसाळा आला की त्यांची छाती भरायची. त्या म्हणायच्या, "अहो, एक बारमाही गाडी घ्या. लहानशी चालेल. पण लागेल तेव्हा सुरू होणारी घ्या."

हा म्हणायचा, "पोर्चमध्ये जागा एकीचीच. मग हिला कुठे ठेवू?"

"आणि मला कुठे ठेवाल?" असं वहिनी म्हणायच्या. हसून म्हणायच्या हं. मी त्यांच्याकडे चहा पिताना कितीदा ऐकलंय. त्यांचं ते बोलणं आम्ही सगळे थट्टेवारी न्यायचो.

तीन वर्षांमागच्या श्रावणात एका रात्री त्यांना अटॅक आला. बाहेर मुसळधार. तोंडात मारायच्या दम्याच्या पंपानं उतार पडेना. अॅम्ब्युलन्स निघालीय म्हणाले, पण रस्त्यात पाणी. टॅक्सीवाले फोन घेईनात. हा फोन कानाला लावून फाटकाशी भिजत उभा, आणि वहिनी... त्या उठल्या, पोर्चमध्ये आल्या, ताडपत्री बाजूला केली आणि फियाटच्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. विटांवरच्या गाडीत. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. बहुतेक बसलं की निघू, असं वाटलं असेल जिवाला. हा मागे वळून बघतो तर त्या काचेतून समोर बघत बसलेल्या. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर ती गाडी दसऱ्यालासुद्धा निघाली नाही. विकलीही नाही आणि हलवलीही नाही. तशीच विटांवर उभी. हा मात्र झोपेनासा झाला. मला म्हणायचा, "गिरीश, नेलं असतं तर वाचली असती रे."  

मग योगिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली. आई नाही, तरी बाबांकडेच येणार म्हणाली. जावई अमित नागपूरला, तो तारखेच्या सुमाराला येणार. त्या बातमीसरशी भालचंद्रानं नवी गाडी घेतली. पांढरी, ऑटोमॅटिक, बटणावर चालणारी. पोर्च अडलेला, म्हणून ती फाटकाबाहेर भिंतीला लावून उभी करायचा. दवाखाना शाहपुऱ्याला, तळ्याच्या अलीकडे. रस्ता त्यानं आधीच दोनदा जाऊन पाहून ठेवला होता.

आता ती रात्र. गेल्या वर्षीची पिठोरी अमावास्या, शुक्रवार.

तुम्हा पोरांना पिठोरी माहीत असेल-नसेल. ते व्रत आईनं मुलांसाठी करायचं. आई पाठमोरी बसते, खीर-पुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि विचारते, "अतीत कोण?" म्हणजे दारी पाहुणा कोण आलाय. मागून मूल म्हणतं, "मी," आणि ताट घेतं. रत्नावहिनी दरवर्षी करायच्या. योगिनी इंजिनिअर झाली तरी मागे उभी राहून 'मी' म्हणायची.

हा पेट्रोल भरून आला आणि हातपाय धुवायला गेला. योगिनीला आईची आठवण आली असणार. पोरीनं खीर केली होती. एकटीच देवापुढे बसली आणि पोटातल्या बाळाच्या नावानं ताट डोक्यावरून मागे धरलं. मागे कोणी नाही. घरात मूल नाही. अमावास्येच्या तिन्हीसांजेला, रिकाम्या खोलीत, पाठ फिरवून तिनं विचारलं, "अतीत कोण?"

मागून उत्तर आलं. "मी."

ताट हातातून अलगद सुटलं. कोणीतरी घेतल्यासारखं. तिनं वळून पाहिलं तर ताट खाली जमिनीवर, खीर न सांडता ठेवलेलं. भालचंद्र पंचाला हात पुसत बाहेर आला.

"बाबा, काय दचकवता हो. आवाज केवढा बसलाय तुमचा."

"मी कुठे काय बोललो?"

"आत्ता 'मी' म्हणालात ना?"

 जेवणं झाली. पाऊस लागला. योगिनी लवकर झोपली. हा नेहमीसारखा जागा.

साडेदहाच्या पुढे केव्हातरी त्याला श्वास ऐकू आला. तुम्ही दम्याचं माणूस जवळून ऐकलंय का? बासरीत ओला बोळा अडकावा तसा आवाज. तो त्या आवाजाशेजारी तीस वर्षं झोपला होता. त्याला ओळखायला वेळ लागणार नव्हता.

आवाज पोर्चमधून येत होता.

तो उठला. दार उघडलं. ताडपत्री एका बाजूनं वर सारलेली. फियाटचं पुढचं दार बंद, काच खाली. आणि आत...

आत रत्नावहिनी बसल्या होत्या. समोर बघत.

तो सांगतो, भीती वाटलीच नाही. आधी लाज वाटली. मेल्या माणसाला इतका वेळ ताटकळत ठेवल्याची लाज.

"रत्ना..."

मान वळली नाही. फक्त श्वास. मग, तुटक तुटक, "चला ना..."

तो म्हणाला, "चल, नवी गाडी आहे बाहेर. तुला पाहिजे होती तशी. लगेच सुरू होते." हात धरायला गेला. हात पुढे झाला नाही. त्या बसल्या त्या बसल्या. त्यांच्या रात्रीत दुसरी गाडीच नव्हती.

मग त्यानं काय केलं असेल? कुठल्याही शहाण्या माणसानं दार लावून रामरक्षा म्हटली असती. यानं जॅक काढला. पावसात एकेक करून विटा उपसल्या, फियाट जमिनीवर आणली. तिची बॅटरी केव्हाच मेलेली. मग हा फाटकाबाहेर गेला, नव्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि तिची बॅटरी काढून फियाटला जोडली. निखिल, लक्षात येतंय? घरात दिवस भरलेली पोर झोपलीय, तिच्यासाठी म्हणून घेतलेली गाडी, आणि बाप तिचंच काळीज काढून नेतो. मी त्याला फार बोललो नंतर. तो म्हणाला, "तासाभराचा तर प्रश्न होता. एकदा नेऊन पोचवलं असतं म्हणजे सुटली असती."

इतक्या वर्षांची बंद गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

होशंगाबाद रोडवर चिटपाखरू नाही. वायपर बंद. खालच्या भोकांतून पाणी पायावर. हा काचेला नाक लावून चालवतोय. शेजारी श्वास. आत... बाहेर... आत... हा बोलत राहिला. "आलंच हं रत्ना. एवढं वळण गेलं की आलंच." तेच शब्द त्याचे त्या रात्री फाटकाशी उभं राहून म्हणायचे राहिले होते.

श्वास जरा मोकळा होत चालला होता. तो सांगताना रडतो इथे.

आणि फोन वाजला. योगिनी.

"बाबा, कुठे आहात? माझं पाणी गेलंय. खूप दुखतंय. गाडीचं दारच उघडत नाहीये, रिमोट लागत नाही... बाबा?"

त्यानं ब्रेक मारला.

गाडी उभी. पाऊस. फोनमध्ये पोरीचं कण्हणं. शेजारी तो श्वास.

शाहपुरा आता समोर होता. बायकोला न्यायचं तर सरळ. मुलीला आणायचं तर मागे. आणि मागे जायचं तर या सीटवर... बाळंत होणारी पोर, अमावास्या, आणि शेजारी गेलेली आई. असं कोणी शेजारी बसवत नाही रे. आईच असली तरी नाही.

त्याला दोन्ही जमणार नव्हतं. त्याला कळलं.

"रत्ना..." तो म्हणाला. "उतर."

श्वास थांबला.

"पोरीला आणायचंय. तू... तू उतर."

तेव्हा पहिल्यांदा तिनं मान वळवली. त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, तो म्हणतो. राग असता तर सोसलं असतं.

दार उघडलं. बंद झालं. आवाज नाही.

बंद दुकानांपुढे, पावसात, ती उभी. दुसऱ्यांदा त्यानं तिला अर्ध्यावर टाकलं. गाडी वळवली. आरशात पाहिलं नाही.

...

थांबा. पाणी दे जरा, अदिती.

हं. तो घरी पोचला, योगिनीला मागच्या सीटवर आडवी घातली आणि फियाट पळवली. त्या दुकानांपाशी आला तेव्हा तिथे कोणी उभं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकात शिरला, तर दोन आया आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन बाहेर छपराखाली तयार उभे. त्यानं कोणाला फोन केला नव्हता. योगिनीनंही नाही. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा पडला होता. पाच मिनिटं उशीर झाला असता तर मूल हाती लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी झाली. सुखरूप.

पहाटे त्यानं वॉर्डबॉयला विचारलं, तुला कोणी सांगितलं म्हणून. तो म्हणाला, "एक अम्मा आई थीं, पैदल. सांस बहुत फूल रही थी उनकी. बोलीं, मेरी बेटी आ रही है, दरवाजे पे खड़े रहो." बसा म्हटलं तर बसली नाही. आत गेली.

आत म्हणजे कुठे? लेबर रूमकडे. नर्स म्हणाली, आत कोणी आलं नाही. दाराशी नर्स स्वतःच बसली होती.

सकाळी त्यानं मला फोन करून बोलावून घेतलं. मला वाटलं पेढे द्यायला. तो मला लेबर रूमच्या दारापाशी घेऊन गेला. तिथे पायातलं काढूनच आत जावं लागतं, म्हणून कडेला चपलांची रांग. बाया येत होत्या, आपापल्या घालून जात होत्या. शेवटी एकच जोड राहिला. साध्या रबरी बायकी चपला, चिखलानं भरलेल्या. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला, तो लाल वायरनं पिळून बांधलेला. ती गाठ भालचंद्राची. आख्ख्या कारखान्यात तशी गाठ तोच मारायचा, मी डोळे मिटून ओळखेन. वहिनी गेल्या तेव्हा त्यांच्या पायात त्याच होत्या, आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या होत्या.

दुपारपर्यंत आम्ही दोघं तिथे बाकावर बसून राहिलो. न्यायला कोणी आलं नाही. चपलांची तोंडं आतल्या बाजूला होती.