आठवे कलम

जीवराम दगडू नेरकर, वय वर्षे एकसष्ट, राहणार धुळे. कोणी ओळख विचारली तर नाना ती अशीच, कोर्टातल्या साक्षीदारासारखी सांगत. एडनच्या सरकारी कचेरीत त्यांनी सव्वीस वर्षे नक्कल कारकुनी केली होती. मराठी चौथीनंतर ते शाळेची पायरी चढले नव्हते. इंग्रजी आणि अरबी ही दोन्ही अक्षरे त्यांनी कागद उतरवता उतरवता कमावली होती. 'अचूक नकलेबद्दल' सरकारने दिलेले प्रशस्तिपत्र समोरच्या भिंतीवर चौकटीत टांगलेले होते, आणि घरात येणाऱ्याची नजर आधी तिकडे जावी अशीच त्याची उंची ठेवलेली होती.

सन १९२८ चा वैशाख. पांझरेचे पात्र सुकून पांढरे पडले होते. नेहमीप्रमाणे नाना सकाळी वाचनालयात जाऊन मुंबईचे वर्तमानपत्र घेऊन आले आणि ओट्यावर बसून ते शेजारच्या हिलालला मोठ्याने वाचून दाखवू लागले. तिसऱ्या पानावर चार ओळींची बातमी होती. एडनच्या उत्तरेस बीर सैला या गावाने लष्कराची वाट अडवली. सबब विमानांनी गाव उडवून दिले आणि तेथील विहीर दगडांनी बुजवली.

"नाना, तुमना सासरनी खबर शे का?" हिलाल हसून म्हणाला. एडनला तो थट्टेने नानांचे सासर म्हणे. "आवाज का बसना?"

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ऊन चढले," एवढेच ते बोलले आणि आत गेले.

बीर सैला. सोळा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांबरोबर ते त्या गावी गेले होते. शेख मुसादशी करारनामा करायचा होता. सरकारने रस्ता न्यावा, टोळीने तो राखावा, अशी सात कलमे ठरली. आठवे कलम शेखने स्वतः घालून घेतले: सरकारी लष्कर विहिरीच्या पुढे पाऊल टाकणार नाही. साहेबांनी सही केली. परंतु त्या डोंगरात नुसत्या सहीला किंमत नव्हती. कोणीतरी माणूस जामीन उभा राहावा लागे. दाढीवर हात ठेवून तो म्हणे, 'शब्द मोडला तर माझ्या दारी या.' साहेबांनी हसून नानांकडे बोट दाखवले. जन्मभर ज्याला कोणी खुर्ची दिली नव्हती, त्या माणसाला शेखने आपल्याशेजारी गालिच्यावर बसवले, आले घातलेला कॉफीच्या टरफलांचा काढा पाजला, आपल्या ताटातली भाकर मोडून दिली. नानांनी हनुवटीवर हात ठेवून शब्द उच्चारले. शेखने घराचा पत्ता विचारला. धुळे, नदीकाठची गल्ली, दारापुढे कडुनिंब. म्हाताऱ्याने तो तीन वेळा म्हणून पाठ केला.

एडनला परतल्यावर साहेब म्हणाले होते, मुंबई सरकारकडे जाणाऱ्या प्रतीत सातच कलमे पुरेत. नानांनी सातच उतरवली. एकही काना-मात्रा चुकली नाही. प्रशस्तिपत्र त्याच नकलेचे होते.

त्या दुपारी साऱ्या गल्लीने दारे लावून घेतली होती. कावळासुद्धा ओरडत नव्हता. अशा टळटळीत उन्हात बंद घरात एकाएकी वास पसरला. आल्याचा, आणि भाजलेल्या टरफलांचा.

नानांची थोरली बहीण भिकुबाई चुलीपासून उठून दाराच्या फटीशी गेली. सत्तरीची विधवा, भावाच्या आधी घास घ्यायचा नाही हा तिचा नेम.

"भाऊ, ओटावर कोनी म्हतारा बसेल शे," ती म्हणाली. "डोकाले फडकं बांधेल शे. पानी मांगत नही, भाकर मांगत नही. नुसता दारकडे देखी ऱ्हायना."

नानांनी फटीला डोळा लावला. उंबरठ्याला गुडघे टेकवून, वाट अडवून तो बसला होता. अंगावर राखेसारखी धूळ. सोळा वर्षांत शेख मुसादचे वय तिळभर वाढले नव्हते. नानांकडे पाहून त्याने सावकाश आपला हात दाढीवर ठेवला.

भिकुबाईने दार किलकिले करून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि पाण्याचा तांब्या बाहेर सरकवला. म्हाताऱ्याने शिवलेही नाही. पूर्वी खानदेशात अशी माणसे दारात धरणे धरून बसत, हे बहीण-भाऊ लहानपणापासून ऐकत आलेले. दारातला उपाशी असेतो घरधन्याने जेवू नये, आणि त्याला ओलांडून जाऊ नये. नानांनी ताटावर बसून घास घेतला. तोंडात वाळू झाली. त्यांनी घास काढून ठेवला. ते पाहून भिकुबाईने आपले ताट झाकले.

नाना मागच्या दाराकडे गेले. कडी काढली.

मागच्या उंबरठ्यालाही तेच गुडघे टेकलेले होते. शेजारी तोच तांब्या... काठोकाठ भरलेला.

दुसरा दिवस तसाच गेला. दोघांच्या घशाखाली पाण्याचे चार घोट तेवढे उतरले. संध्याकाळी हिलालने हाक मारली आणि समोरचे दार ढकलले. नाना ओरडणार होते, पण हिलालने सरळ पाय उचलून म्हाताऱ्याला ओलांडले आणि तो आत आला.

"वाचनालयात दिसना नहीत, म्हनीसन वनू," तो म्हणाला. "बाहेर भाकर कोनासाठे ठेवेल शे? कुत्राबी शिवत नही."

"हिलाल... ओट्यावर कोण आहे ते पाहा."

हिलालने वळून पाहिले. म्हातारा त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. "आठे तं कोनीच नही! नाना, ऊन लागेल शे तुमले. कांदा ठेवा उशाशी."

"मला हात धरून बाहेर ने."

हिलालने हात धरून ओढले. उंबरठ्याशी येताच नानांचे पाय जमिनीत पुरल्यासारखे झाले. हिलालने जोर लावला, थट्टा केली, अखेर घाबरून त्यांचा हात सोडला आणि वैद्याला आणतो म्हणून निघून गेला. वैद्य आला, नाडी पाहून पुडी देऊन गेला. जाताना त्यानेही म्हाताऱ्याला ओलांडले.

तिसऱ्या दुपारी भिकुबाई पाट्याजवळ कोसळली. नानांनी तिचे डोके मांडीवर घेतले. ओठ फुटले होते, हात गार पडत चालला होता.

"अक्का, एक घास खा. माझी शपथ."

"तू जेवना नही... तं मी कशी जेवसू?" तिने डोळे उघडले. "भाऊ, तो उगाच बसत नही. काय करेल शे तू?"

नाना सहसा घरातही पुस्तकी मराठीच बोलत. त्या वेळी ती त्यांना आठवली नाही.

"मी खोटं लिखेल शे, अक्का," ते म्हणाले. "त्यानी भाकर खाईसन."

तिच्या डोक्याखाली धोतराची घडी ठेवून ते उठले. पेटीच्या तळातून कराराचा कच्चा मसुदा काढला. आठव्या कलमावर साहेबांची लाल रेघ होती. मग त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली, काच फोडली आणि प्रशस्तिपत्राच्या कोऱ्या पाठीवर, एकही शब्द न गाळता, अरबीत आठवे कलम उतरवले. खाली लिहिले: हे कलम ठरले होते. मी ते जाणूनबुजून गाळले. जीवराम दगडू नेरकर, वय वर्षे एकसष्ट, जामीन.

कागद घेऊन त्यांनी दाराची दोन्ही कवाडे सताड उघडली. पांढऱ्या उन्हाचा झोत आत आला. म्हाताऱ्याने कागद हातात घेतला नाही. नुसता वाचला, आणि तो वाट पाहत राहिला.

आता काय उरले हे नानांना कळत होते. शब्द मोडला तर माझ्या दारी या, असे ते म्हणाले होते. आलेल्याला दारातच ठेवीन, असे म्हणाले नव्हते.

"आत या," नाना म्हणाले.

म्हातारा उठला. उंबरठा ओलांडताना त्याच्या अंगावरची धूळ जराही खाली पडली नाही. तो चुलीसमोर पाटावर बसला. त्याने भाकर मोडली, अर्धी नानांपुढे ठेवली. नानांच्या घशाखाली घास उतरला. मग त्यांनी भाकर पाण्यात कुसकरून बहिणीच्या ओठांना लावली, आणि तिनेही ती गिळली.

भिकुबाई वाचली. या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. ती अजून चूल सांभाळते.

तो कागद नानांनी पुन्हा भिंतीवर लावला आहे, पाठ पुढे करून. मागच्या दिवाळीत हिलालने सहज आठव्या कलमावर बोट फिरवले, तर बोटाला शाई लागली. ती अजून वाळलेली नाही.

त्या दुपारपासून जीवराम नेरकरांनी उंबरठा ओलांडलेला नाही. पाहुणा घरात असता यजमानाने बाहेर पडू नये, असे ते सांगतात. वर्तमानपत्र हिलाल आणून देतो. नाना आता ते मोठ्याने वाचत नाहीत. सरकारी लष्कर बीर सैलाच्या विहिरीमागे हटले, ही एकच बातमी त्यात शोधतात आणि घडी घालून ठेवतात. घरात माणसे दोन आहेत. पाट तीन मांडले जातात, आणि तिसऱ्या ताटातली भाकर उरत नाही.