रेडिएटरवाल्याची चौकशी

"रात्री हँडब्रेक ओढून ठेवला होतात ना?"

मागून आवाज आला आणि मी दचकलेच. सकाळचे साडेसहा. अर्दबील शहरातली ती गल्ली बर्फाने पांढरीफटक, आणि माझी नोखोद जागची हलायला तयार नाही. नोखोद म्हणजे हरभरा. एवढीशीच आहे माझी गाडी, म्हणून हे नाव. इंजिन घुरघुरत होतं, पण मागची चाकं जमिनीला चिकटून बसली होती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी वळून विचारलं.

लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेला एक उंच माणूस. हातात लाकडी हातोडा. आता तुम्हीच सांगा, भल्या सकाळी हातोडा घेऊन कोण हिंडतं?

"इथे नवीन आलेले सगळे ओढतात," तो म्हणाला. "ब्रेक आतल्या आत गोठतो. गाडी गियरमध्ये ठेवायची, चाकामागे वीट लावायची, बस. सरका जरा."

मी सरकले नाही. तो तसाच वाकून चाकाशी बसला, दोन-चार ठोके मारले... कट्ट! चाक सुटलं. उठताना त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी ओझरतं. डोळे मधाच्या रंगाचे. मी काही मुद्दाम बघितले नाहीत हं — दिसले.

"रेडिएटरमध्ये काय घातलंय?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"बुशेहरला आम्ही पाणीच घालतो. तिथे ते उकळतं, गोठत नाही."

त्याने असं तोंड केलं, की जणू तान्ह्या बाळाला मिरची भरवते असं मी सांगितलं होतं. "अहो बाई, परवापासून उणे पंधरा! पाण्याचा बर्फ होईल, बर्फ फुगेल आणि इंजिनाला तडा जाईल. आजच न गोठणारं कूलंट घाला. हे समोरच माझं दुकान..."

मी समोर पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं, 'एलदार — रेडिएटर दुरुस्ती'. अस्सं! रेडिएटरवाला दुसऱ्याचा रेडिएटर ठीक आहे असं कधी म्हणेल का?

"आलं लक्षात," मी म्हटलं आणि गाडीत बसून काच वर केली.

कूलंट मी त्याच दिवशी घातलं. पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, दुसऱ्याच दुकानातून.

आई म्हणते, जन्मल्यावर सगळी पोरं रडतात, मी आधी सुईणीकडे रोखून पाहिलं. पुढे मी स्वतःच सुईण झाले. शिकून, परीक्षा देऊन. सरकारी नियमाप्रमाणे दोन वर्षं खेड्यात सेवा करायची, तर माझ्या नशिबी आलं सावालान डोंगराच्या कुशीतलं आरोग्य केंद्र. राहायचं अर्दबीलला भाड्याने, आणि रोज गाडीने ये-जा. समुद्रकाठच्या बुशेहरची मी, जिने बर्फ फक्त सरबतात पाहिला! भाऊ तर पाठवायलाच तयार नव्हता. शेवटी त्याने अट घातली — "गाडीला एक अपघात, की तू परत घरी. मग लग्न, आणि सेवा-बिवा विसरायची." तेव्हा ही नोखोद नीट राहिली तरच मी राहणार होते. तिला कुणी हात लावलेला मला खपणं शक्यच नव्हतं.

आणि कुणीतरी हात लावत होतं!

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या काचांवर बोटभर बर्फ, आणि माझी काच लख्ख. दोन्ही वायपर उचलून उभे केलेले. बॉनेटवर लोकरीचे धागे. बर्फात पावलांचे ठसे, आणि ते येत होते समोरच्या दुकानाकडून. रोज संध्याकाळी मी गाडी लावायची, आणि रोज सकाळी हेच. काय चाललं होतं? आज वायपर, उद्या एखादा पाइप सैल केला की गाडी आपसूकच त्याच्या दारात! मला डाव कळत नव्हता असं थोडंच आहे?

मी सरळ दुकानात जाऊन उभी राहिले.

"एलदार आगा, तुम्ही माझ्या गाडीला हात लावता का?"

तो एका रेडिएटरला डाग देत होता. त्याने मान वर केली आणि तो कानांपर्यंत लाल झाला. "सकाळी... चालू होते ना गाडी?"

"होते."

"पहिल्या फटक्यात?"

"हो. पण—"

"मग तक्रार कसली, मर्जान खानम?" माझं नावही ठाऊक होतं तर!

"तक्रार हीच! कुणी फुकट काही करत नाही."

"तुमच्या बुशेहरला नसतील करत," तो हळूच हसला. "उन्हाने माणसं तापट होत असतील."

"आणि इथली थंडीने गोठतात वाटतं? सरळ उत्तर नाही देता येत!"

"देईन की," तो पुन्हा खाली बघत म्हणाला, "सरळ प्रश्न आला की."

हा काय अर्थ झाला? मी घरी आले ती धुसफुसतच. बरं, छातीत काहीतरी धडधडत होतं, ते रागानेच, असं मी स्वतःला बजावलं. पण एक मात्र ठरवलं — या माणसाची चौकशी करायची. कसून.

सुरुवात केली नानवायाच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या दुकानापासून. मश्दी बैराम. सगळी गल्ली त्याच्याकडून रोटी घेते, तेव्हा सगळ्यांची अंडीपिल्ली त्याला ठाऊक.

"मश्दी, तो समोरचा एलदार... माणूस कसा आहे?"

रोट्या मोजणारा त्याचा हात थांबला. "एलदार? का बरं, पोरी?"

"असंच. व्यसन-बिसन? कुणाशी भांडणतंटा? आधीची काही लफडी?"

बैरामच्या पांढऱ्या मिशीखाली असं काही हसू पसरलं! "अगं, मुलगा सोनं आहे सोनं. सिगारेटसुद्धा नाही. बाप गेल्यापासून आई सांभाळतोय." आणि त्याने माझ्या हातात तीळ लावलेली एक जास्तीची रोटी ठेवली. "ही माझ्याकडून. तोंड गोड... आपलं, गरम गरम खा."

मग वाणी. मग औषधवाली बाई. मग एलदार ज्याच्या हाताखाली काम शिकला तो म्हातारा उस्ताद. जिथे जावं तिथे स्तुतीच स्तुती! वाणी म्हणाला, "कमाई बरी आहे, घर स्वतःचं आहे." मी कमाई विचारली होती का? औषधवालीने तर माझा हात दाबून सांगितलं, "डोळे मिटून हो म्हण." रोटीच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजायला लागल्या. माझा संशय आणखीच बळावला. सगळी गल्ली त्याला सामील होती!

गुरुवारी दुपारी दार वाजलं. दारात एक ठेंगणी, घाऱ्या डोळ्यांची बाई, चेहरा तापलेला. मागे माझी घरमालकीण सोल्माज खानम, ओढणीआड हसू दाबत.

"मी एलदारची आई," ती बाई आत येत म्हणाली. "मला एक सांग, मुली. माझ्या मुलाने मला न विचारता, परस्पर तुला मागणी घातलीच कशी?"

"मागणी?" माझं तोंड उघडं ते उघडंच. "मला? कुणी सांगितलं?"

"अख्ख्या गल्लीने! नानवाई म्हणतो, मुलगी चौकशी करून गेली. वाणी म्हणतो, आमच्याकडेही आली होती. बिचारीचे घरचे लांब, स्वतःच सगळं बघतेय म्हणे. आणि जन्मदात्या आईला पत्ता नाही!"

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पायाखालची जमीन सरकली. अरे देवा! आमच्या बुशेहरमध्येही हेच नाही का? मुलाने मागणी घातली, की मुलीचा बाप नाहीतर काका त्याच्या गल्लीत जातो. नानवायाला विचारतो, वाण्याला विचारतो, उस्तादाला विचारतो. व्यसन आहे का, स्वभाव कसा, आधीचं काही? माझ्या दोन्ही चुलतबहिणींच्या वेळी काकांनी हेच केलं होतं. शब्द न् शब्द हेच! आणि मी शहाणी चोर पकडायला निघाले होते.

"मग... एलदार काय म्हणाले?" मी हळूच विचारलं.

"काय म्हणणार! सगळ्यांना सांगत सुटलाय, हो, मी विचारलंय म्हणून." बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि माझी लोकरी रजई कुठे जाते तेही आज कळलं. रोज संध्याकाळी तुझ्या त्या हरभऱ्याच्या नाकावर! डिझेलचा वास मारतेय नुसता."

ती गेल्यावर सोल्माज खानम माझ्याशेजारी बसली. "त्याने विचारलं नव्हतं ना?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"वाटलंच होतं मला. पण 'मी नाही विचारलं' असं तो म्हणाला असता, तर काय झालं असतं? एकट्या मुलीने, मागणी आलेली नसताना एका पुरुषाची चौकशी केली... गल्लीने तुला सोडलं असतं का, पोरी? त्याने स्वतःवर घेतलं. आता तू नाही म्हणालीस, तर हसं त्याचं होईल."

मला रडूच फुटलं. किती वाईट वाटलं म्हणून सांगू! ज्याला मी चोर ठरवलं, तो माझी अब्रू झाकत होता. आणि मी? एक शब्द चुकीचा बोलले असते, तर त्याला मान वर करून गल्लीत फिरता आलं नसतं.

शनिवारी सकाळी बर्फाची भुरभुर चालू होती. मी गाडी काढली, दुकानासमोर थांबवली आणि सगळ्यांच्या देखत काच खाली केली.

"एलदार आगा, मला चाकांना बर्फाच्या साखळ्या चढवता येत नाहीत. केंद्रावर जायचंय, आणि आज घाटात त्याशिवाय पोलीस सोडणार नाहीत. येता का?"

समोर मश्दी बैराम रोटी भाजायची विसरला. एलदार येऊन शेजारी बसला. त्याचे गुडघे पार हनुवटीला लागले.

"गाडी खरंच हरभरा आहे हो," तो पुटपुटला.

"अजून बसला नाहीत तोच नावं ठेवायला लागलात?"

शहर संपलं तिथे त्याने साखळ्या चढवल्या. मी शेजारी उभी राहून बघून घेतलं, पुढच्या वेळी मला जमलं पाहिजे ना! मग चढण सुरू झाली. चाकं खडखडत होती, वायपर फटाफट पुसत होते. खिंड ओलांडली आणि पलीकडचा उतार लागला.

"दुसरा गियर," तो म्हणाला. "ब्रेकवर पाय नको."

"मग थांबायचं कसं?"

"थांबायचं नाही. हळू व्हायचं."

"हे गाडीबद्दल बोलताय की..."

तेवढ्यात वळणावर गाडी सरकली. मागचा भाग आडवा झाला, डावीकडे दरी. अशा वेळी भाऊ असता तर स्टीअरिंगवर झडप घातली असती. बाबा असते तर ओरडले असते. एलदारने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. चेहरा पांढराफटक, पण हात दाबलेलेच.

"जिकडे जायचंय तिकडेच बघा," तो हळू म्हणाला. "चाक आपोआप वळेल. येतं तुम्हाला."

मी दरीकडे नाही, रस्त्याकडे पाहिलं. गाडी सरळ झाली. पुढच्या सपाटीला मी ती बाजूला घेऊन थांबवली.

"तुम्ही स्टीअरिंग धरलं का नाही?" मी विचारलं.

"गाडी तुमची आहे ना."

झालं, माझा बांध फुटला. "एलदार, मी लग्नासाठी चौकशी केली नव्हती. मी... मला वाटलं तुम्ही गाडी बिघडवताय. चोर समजले मी तुम्हाला. चोर!"

त्याने नजर काचेवरच्या बर्फाकडे वळवली. "हं," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "लागलं मनाला. खोटं कशाला सांगू?"

"माफ करा मला."

"केलं. काळजी करू नका. गल्लीत मी सांगेन, की तिच्या घरून नकार आला. दोन दिवस हसतील, विसरून जातील."

"तुम्ही कशाला खोटं सांगाल? आणि आधीही खोटंच सांगितलंत सगळ्यांना, की मी विचारलंय म्हणून. कधी विचारलंत हो मला? तारीख, वार?"

तो वळला. मधाच्या रंगाचे ते डोळे आता पळत नव्हते. "तुम्ही सरळ प्रश्न विचारत नाही, आणि मी सरळ उत्तर देत नाही. आपलं जमायचं कसं?... बरं. आजचा वार शनिवार. मर्जान खानम, पहिल्या दिवशी मी सरका म्हटलं आणि तुम्ही सरकला नाहीत, तेव्हापासून मला झोप नाही. माझ्याशी लग्न कराल?"

"हो," मी म्हटलं.

बाहेर बर्फ पडत राहिला. एलदारने टोपी काढली, पुन्हा घातली आणि हात परत मांड्यांखाली दाबले. मग त्याच्या कपाळावर एक आठी आली.

"खरं सांगताय ना? माझं हसं होऊ नये म्हणून तर नाही? दया येऊन? की आत्ता घाबरलात म्हणून? आईने काही म्हटलं का तुम्हाला? सोल्माज खानमने शिकवलंय?"

मी हसत सुटले. किती दिवसांनी अशी पोट धरून हसत होते!

"हसताय काय? उत्तर द्या."

"नाही हो," मी त्याचे गारठलेले हात मांड्यांखालून सोडवून घेत म्हटलं, "मला तुम्ही आवडता, एवढंच."