मोहाच्या झाडावरची लाल फुली

मयुरीचं पत्र दादाजी गुरुजींच्या टेबलावर जानेवारीपासून पडून होतं. 'गुरुजी, तुमच्या पुस्तिकेत आपल्या तालुक्याचं हवामान उपोष्ण आहे, असं लिहिलंय. ते बरोबर आहे का?' एवढाच प्रश्न. उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच लिहवत नव्हतं.

होळीच्या सुट्टीत ती स्वतःच दारात उभी राहिली. सोबत तिच्या वर्गातला अंकुश.

"गुरुजी, उत्तर काऊन नाई देलं?"

"वेळ नव्हता," ते पुटपुटले. निवृत्त माणसाचं हे कारण त्यांनाच पटलं नाही.

"रोपवनवाल्या साहेबानं तुमचीच पुस्तिका वाचली. ऑलिव्ह लावणार म्हणते. परवा आमच्या बायनामावशीच्या नऊ मोहांवर लाल फुल्या मारल्या. म्हणे, वाळले. उद्या तोडणार."

गुरुजी थकून खुर्चीत बसले. "चूक माझी आहे, पोरी. उपोष्ण पट्टा कर्कवृत्ताच्या पलीकडचा. तिथं उन्हाळा तापतो, पण सर्वांत थंड महिन्याची सरासरी अठरा अंशांच्या खाली उतरते. तिथल्या ऑलिव्हला फुलायला ती थंडी लागते."

अंकुशनं वही उघडली. शाळेच्या तापमापकाची रोजची नोंद होती. "आपल्या जानेवारीची एकवीस भरली."

"म्हणजे आपण उष्ण कटिबंधातले. इथला मोह पाणी वाचवायला पानं गाळतो. वाळत नाही."

"साहेब कवा आलते, मयुरी?" अंकुशनं विचारलं.

"भर दुपारी."

"तवाच तं!" अंकुश हसला. "गुरुजी, तुमी सांगा त्याले."

"माझं कोण ऐकेल?"

"मंग नका सांगू. नुसते संग चला."

अंकुशनं साहेबांना फोन लावला. "साहेब, दुपारी लय तापते. मजूर थकतात. उजाडताच या." साहेबांना ते पटलं.

सकाळी साहेब जांभया देत आले. मागे कुऱ्हाडी घेतलेले मजूर. बायनाबाई झाडाखाली बसून वेचत होती. वर एक पान नव्हतं, आणि खाली झाडून ठेवलेली जमीन पिवळसर फुलांनी भरली होती. टप. एक फूल साहेबांच्या खांद्यावर पडलं.

"वाळलेलं झाड फुलं टाकून राह्यलं, साहेब," अंकुश म्हणाला.

"त्या दुपारी एकही नव्हतं," साहेब म्हणाले.

"दुपारी ते टोपलीत राह्यते," बायनाबाई न उठताच म्हणाली.

"पण पुस्तिकेत तर…"

गुरुजी पुढे झाले. गप्प राहिले असते, तरी कुणी विचारलं नसतं. "पुस्तिका माझी. ती ओळ चुकीची आहे."

साहेबांनी खांद्यावरचं फूल हातात घेऊन पाहिलं. मग त्यांनी कुऱ्हाडी परत पाठवल्या. "ऑलिव्हची रोपंही थांबवतो. पोरांनो, तुम्ही जे पाहिलं ते मी पाहायला हवं होतं."

"चुकलो म्हणणारा मास्तर मी पयल्यांदा पाह्यला," म्हणत बायनाबाईनं गुरुजींच्या ओंजळीत फुलं टाकली.

घरी येऊन गुरुजींनी कार्ड लिहिलं. 'चि. मयुरी, नाही. ते बरोबर नाही. उशिराबद्दल क्षमस्व.'

"मी तं इथीच हाओ, गुरुजी," मयुरी म्हणाली.

"पत्राचं उत्तर पत्रानंच द्यावं," ते म्हणाले, आणि दमलेल्या पावलांनी जाऊन त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.