बिल्डमध्ये ठेवलेला आवाज

कल्पना कर, तुझ्याकडे दोन खण आहेत. एकात आपण हातानं केलेल्या वस्तू ठेवायच्या. दुसऱ्यात, त्यांच्यापासून यंत्रानं बनवलेल्या. त्या टाकून दिल्या तरी पुन्हा बनतात. संगणकाच्या कामात पहिल्या खणाला ‘सोर्स’ म्हणतात, दुसऱ्याला ‘बिल्ड’. आणि ‘क्लीन’ असा हुकूम दिला, की बिल्ड क्षणात रिकामा.

ती ऑफिसात नवी होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पसरलेला प्रकल्प आवरायचं काम तिला मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं ‘क्लीन’चा हुकूम दिला... आणि बिल्डमध्ये ठेवलेली सहाशे वाक्यं गेली. त्या माणसानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेली. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

नऊ दिवसांनी डॉक्टर त्याचं स्वरयंत्र काढणार होते. पुढं तो टाइप करील ते त्याच्याच आवाजात बोलेल, असा प्रोग्राम तो त्या वाक्यांवरून बनवत होता. आई नसलेल्या आपल्या सात वर्षांच्या लेकीसाठी.

“आवाज कुणी बिल्डमध्ये ठेवतं का हो?” तिला रडू आवरेना.

“रिकामी जागा दिसली... ठेवला,” तो घोगऱ्या स्वरात म्हणाला. “आता नऊ दिवस माझी बडबड ऐका. हीच शिक्षा.”

रोज दुपारी मीटिंगच्या खोलीत तो आकडा सांगून वाक्य वाचायचा, ती यादीवर खूण करायची. शाळा सुटली की लेकही दोघांच्या मध्ये येऊन बसायची. त्याला खोकला आला की ती यादी बाजूला ठेवून पाण्याचा पेला पुढं सरकवायची. बोटांना बोटं लागायची, मग दोघंही उगाच यादीत डोकं घालायची.

“एकशे बारा. तुम्ही हसलात की... बरं वाटतं.”

“हे यादीत नाही.”

“असू द्या. लागेल कधीतरी.”

आवाज रोज थोडा विझत गेला. शेवटच्या दिवशी तो दोनशे दहावर थांबला. पुढचं जेमतेम ऐकू आलं.

“राहशील आमच्याबरोबर? हे... कुठं ठेवू?”

“सोर्समध्ये,” ती म्हणाली. “तिथलं कुणी पुसत नाही.”

ऑपरेशन होऊन तो घरी आला, तेव्हा तीही तिथं होती. त्यानं टाइप केलं, तर काही शब्द त्याचे निघाले, बाकीच्यांच्या जागी नुसती खरखर. लेकीनं ते ऐकलं. मग तिनं कागदांतून ती यादी शोधून काढली, “मावशी, तू खूण कर,” असं म्हणत तिच्यापुढं ठेवली, माइक स्वतःकडे ओढला आणि वाचू लागली, “दोनशे अकरा...”