ओढा न ओलांडलेल्या मेंढ्या

एडिथ बर्केटचा अख्खा कळप डोंगरावरून नाहीसा झाला होता, आणि उद्या जमीनदाराचा कारभारी मेंढ्या मोजायला येणार होता.

एडिथ मोडका पाय स्टुलावर टाकून स्वयंपाकघरात बसली होती. कंब्रियाच्या त्या खोऱ्यातली रीत अशी, की कूळ येतं नि जातं, पण कळप शेताचा. कळप घटला की शेत गेलं. मग सत्तरीच्या बाईने जायचं कुठे? म्हणून तिने खाजगी तपास करणाऱ्या नॅन डॉक्रेला बोलावून घेतलं होतं.

नॅनबरोबर विल्फ टायसन आला होता, निवृत्त पोस्टमास्तर. एडिथला तो शाळेपासून ओळखायचा. तिचं तोंड असं उतरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या जिवाला कशी ती चैन नव्हती. तो सारखा उठत होता, खिडकीशी जात होता, परत बसत होता.

एडिथचा भाचा जॉस चहा पीत हकिगत सांगत होता. महिनाभर तो कार्लाइल शहरात कामाला होता, परवा परतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्या गोळा करायला वर गेला तर डोंगर मोकळा. आपण गेलो त्याच आठवड्यात कुणीतरी डाव साधला, असं त्याचं म्हणणं. बोलता बोलता त्याने बाहीवरच्या वाळल्या गवताच्या काड्या झटकल्या.

"पलीकडच्या शेतावरचा मौन्सी आपल्या गवतावर टपलेलाच आहे," तो म्हणाला. "आपलं हेफ्ट काय, महिनाभर तस्संच पडलंय. मेंढ्या तेवढ्या गेल्या."

नॅनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चहात साखर ढवळली.

डोंगर चढताना विल्फने धापा टाकत विचारलं, "हेफ्ट म्हणजे कुरणच ना?"

"जन्म पोस्टात काढलास, दुसरं काय! कुरण नव्हे. वर कुठे कुंपण आहे का? कळप आपणहून आपला तुकडा धरून राहतो. आई कोकराला शिकवते, ते आपल्या कोकराला. त्या धरून राहण्याला मेंढपाळ हेफ्ट म्हणतात."

विल्फला वाटलं, एडिथचं घर चाललंय आणि ही बाई मला शब्द शिकवतेय. पण नॅनपुढे बोलण्याची त्याची छाती नव्हती.

दोन हेफ्टांच्या मध्ये एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच ओढा होता. एडिथच्या बाजूचं गवत हिरवंगार, पण नुकतंच आखूड कुरतडलेलं. पलीकडच्या निकृष्ट गवतात मौन्सीच्या मेंढ्या चरत होत्या.

मौन्सी भेटला तो फणकाऱ्यातच. अठरा वर्षं तो आणि एडिथ एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. "माझ्या एकाही मेंढीने ओढा ओलांडलेला नाही," तो गुरकावला. "जाऊन सांगा तिला."

परत उतरताना विल्फ म्हणाला, हाच चोर. नॅन म्हणाली, "चोराने कळप विकायचा कुठे? प्रत्येकीच्या कानावरची खूण सगळं खोरं ओळखतं."

दिवस कलताना ती एडिथच्या स्वयंपाकघरात उभी राहिली. जॉस दाराशी होता.

"हेफ्ट म्हणजे कळप आपली जागा धरतो आणि त्या जागेत येऊ पाहणाऱ्या शेजाऱ्याच्या कळपालाही तोच अडवतो," नॅन म्हणाली. "अडवणारं कुणी उरलं नाही, की शेजारच्या मेंढ्या चांगल्या गवतात घुसल्याच. महिनाभर जागा मोकळी असती तर मौन्सीच्या मेंढ्या आज तिथे लोळत असत्या. त्या ओढ्यापलीकडेच आहेत, आणि गवत ताजं खाल्लेलं आहे. म्हणजे तुझा कळप परवापर्यंत वर होता, एडिथ. आणि परवा कोण परतलं?"

जॉसने दाराच्या चौकटीला पाठ टेकली.

"मेंढ्या मोकळ्या असत्या तर आपल्या पायांनी जागेवर आल्या असत्या. तेव्हा त्या कोंडलेल्या आहेत. बर्फ पडण्याआधी मेंढ्यांना वाळलं गवत कुणी घालत नाही, तरी जॉसच्या बाहीवर ते होतं. वर दार लावता येईल अशी जागा एकच, बंद पडलेल्या पाटीच्या दगडाच्या खाणीतली शेड."

"पाणीही ठेवलंय," जॉस पुटपुटला. "त्यांना काही झालेलं नाही, आत्या."

विल्फच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या म्हातारीला बेघर करायला निघालास, लाज नाही वाटली, असं तो बोलून गेला.

"शेत गेलं असतं तर आत्या नि मी कार्लाइलला गेलो असतो," जॉस म्हणाला. तो एडिथकडे वळला. "तू हे शेत धरून आहेस तोवर मला इथून हलता येत नाही. मी किती वर्षं वाट बघू?"

एडिथने हातातला कप खाली ठेवला. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

"तोंडाने सांगायचं होतंस," ती म्हणाली. "मेंढ्यांना जागा सोडवत नाही रे. तुझं तसं नाही. त्यांना डोंगरावर मोकळं सोडून ये, आणि उद्या मोजणी झाली की तू जा."

मग ती विल्फकडे वळली. शब्द जड जात होते, तरी तिने ते बाहेर काढले.

"मौन्सीकडे जा. म्हणावं, एडिथला कळप एकटीने सांभाळवणार नाही. मदत मागतेय."