थोरलीचे लाकडी बूट

वोल्टरच्या कोटाच्या खिशात फेन्ना रुमाल शोधत होती आणि तिच्या हाताला लागली ती गोळी! वाटाण्याएवढी, करडी, दिव्यापाशी धरली की चमचमणारी. खाली चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्या तुकड्याला चिकटलेला एक लांब, सोनेरी केस... आता या देशात निम्म्या बायकांचे केस सोनेरी असतात हे खरं. पण फेन्नाचे काळे आणि कानापर्यंत कापलेले होते, आणि नवऱ्याच्या खिशात सापडलेला केस काही निम्म्या देशाचा नसतो, एकीचाच असतो.

चाकांच्या खुर्चीत बसून तिने ती गोळी उलटसुलट करून पाहिली. माळेतला मणी? झग्याचं बटण? कुठल्या झग्याचं, आणि ते निघालं कसं?... अकरा वर्षांचा संसार, त्यातली शेवटची तीन वर्षं या खुर्चीत. या तीन वर्षांत वोल्टरने एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. आज तिला पहिल्यांदा वाटलं, की कधीच न कंटाळणारा माणूस आपला कंटाळा घालवायला जातो तरी कुठे?

"काय गायलात आज?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

दर गुरुवारी तो गायनमंडळाला जायचा, म्हणजे तसं सांगायचा. आत स्वयंपाकघरात वाटाण्याच्या सुपात फिरणारा डाव थांबला. "नेहमीचंच गं."

"नेहमीचं म्हणजे?"

"म्हणजे... ते ईस्टरचं."

"म्हणून दाखव की जरा."

"घसा बसलाय."

"हो का? गाऊन गाऊन बसला असेल!"

आतला डाव पुन्हा फिरू लागला. मंगळवारी त्याच मंडळातल्या हिलब्रांडची बायको कॉफीला आली होती, आणि दुसरं बिस्किट नको नको म्हणता म्हणता सहज बोलून गेली होती, "वोल्टरला अजून बरं वाटत नाही का गं? नोव्हेंबरपासून फिरकला नाही." आणि आता मार्च लागला होता. फेन्नाने गोळी मुठीत घट्ट धरली, टेबलाशी गेली आणि सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. त्याने वाढलेलं प्यायचं आणि त्याच्यावरच संशय घ्यायचा... पण विचारलं आणि तो खरोखरच निघून गेला, तर?

कारण माणसावर विश्वास टाकला की काय होतं, हे तिला एकदा कळलं होतं. रेन्स्के, तिची सख्खी धाकटी बहीण! लहानपणी शेतावरच्या घरात फेन्नाला आखूड झालेलं सगळं रेन्स्केकडे जायचं. झगे, सायकल, लाकडी बूटसुद्धा. बूट दोन माप मोठे असायचे आणि धाकटी त्यातून खडखडत थोरलीच्या मागे मागे फिरायची. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तळं गोठलं आणि दोघी स्केटिंगला गेल्या. त्या दिवसातलं फेन्नाला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पाठीबरोबर डोक्यालाही मार बसला होता. बर्फाच्या भेगेत आपल्या स्केटचं पातं अडकलं, आपण पाठीवर आपटलो, हे तिला लोकांनी सांगितलं. आणि रुग्णालयाच्या बोळात आईने "कुणी नेलं हिला त्या कच्च्या बर्फावर?" असं विचारल्यावर रेन्स्के म्हणाली होती, "मी नेलं. ती नको म्हणत होती."

"तोंड दाखवू नकोस मला," एवढंच फेन्ना शुद्धीवर आल्यावर बोलली. रेन्स्के देशाच्या दुसऱ्या टोकाला, मास्ट्रिख्तला निघून गेली. इथल्या रीतीप्रमाणे शौचघरात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर सहा मार्चपुढचं तिचं नाव फेन्नाने काळ्या शाईने इतकं गिरवून खोडलं की कागद फाटायचा राहिला. मागल्या वर्षी आई गेली तेव्हा रेन्स्के चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर, परक्यासारखी बसली होती. कारण घरच्यांच्या रांगेत ती दिसली तर मी आत येणार नाही, असं फेन्नाने बजावलं होतं. आईनेही शेवटपर्यंत धाकटीचं नाव काढलं नव्हतं.

सोमवारी वोल्टरने नेहमीप्रमाणे फेन्नाला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे चालण्याचा यांत्रिक सांगाडा होता. कमरेपासून पावलांपर्यंत तो अंगावर बांधायचा, छताच्या पट्ट्यांना टांगून उभं राहायचं, आणि खाली सरकत्या पट्ट्यावर यंत्र पाय उचलून टाकायचं. फेन्नाच्या पाठीच्या कण्यात थोडी धुगधुगी उरली होती, तीच जागी करायची धडपड. पण पाच महिने झाले, तिचे पाय यंत्राशी भांडतच होते! यंत्र एक म्हणे, पाय दुसरंच. काहीतरी बदल दिसला नाही तर एप्रिलमध्ये तिची जागा दुसऱ्या रुग्णाला जाणार होती. त्यानंतर खुर्ची, कायमची.

"आज नवी चाल घालतेय यंत्रात," मिर्थे म्हणाली. ही तिथली तरुण संशोधिका. हसरी, चपळ, आणि कमरेपर्यंत सोनेरी वेणी. "आतापर्यंत शंभर जणांची सरासरी होती, ती तुमच्या अंगाला मानवत नव्हती. ही एकाच व्यक्तीची आहे. उंची, मांडी, कंबर, सगळं तुमच्यासारखं. आम्ही त्यांना इथे महिनोन् महिने चालवून नोंदलंय."

"कोण आहे ती?"

"नाव नाही सांगता येत हो. तसं ठरलंय आमचं त्यांच्याशी."

मिर्थे टेबलाकडे वळली आणि फेन्नाची नजर तिथल्या डबीवर गेली. डबीत गोळ्या होत्या! करड्या, वाटाण्याएवढ्या, चमचमणाऱ्या, खाली चिकटपट्टी... शंभर तरी असतील. नोंदी घेताना चालणाऱ्याच्या अंगावर चिकटवायच्या त्या गोळ्या. फेन्नाने वेणीकडे पाहिलं. मग वोल्टरकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत होता. आणि तेवढ्यात मिर्थे त्याच्या जवळून जाताना हळूच पुटपुटली, "गुरुवारी गाडी मिळाली ना वेळेवर?"

"मिळाली," तोही तितक्याच हळू म्हणाला.

संपलं! सगळं उघड झालं! आपल्या पायांच्या नावाखाली, आपल्याच डोळ्यांदेखत...! अपमानाने तिचा जीव पोळून निघाला. ओरडावं, डबी भिरकावून द्यावी असं तिला वाटलं. पण खुर्चीत बसून भांडलं की माणसं वरून बघतात आणि कीव करतात. सांगाड्यात निदान उभं राहता येतं. एकदाच उभं राहायचं, दोघांच्या डोळ्यांत डोळे घालून काय ते सुनवायचं, आणि या जागेला कायमचा रामराम!

"बांधा," ती म्हणाली.

पट्टे आवळले गेले. ती उभी राहिली. वोल्टर समोर होता, मिर्थे बटणांपाशी. फेन्नाने तोंड उघडलं...

आणि यंत्राने पहिलं पाऊल टाकलं.

पाय भांडले नाहीत. दुसरं पाऊल, तिसरं. डावा पाय साधा, सरळ. उजव्याची मात्र टाच जरा उशिरा उचलायची, बोटं आत आवळायची, आणि मग गुडघ्याला एक लहानसा हिसका बसून पाऊल पुढे पडायचं... मोठ्या बुटातून पाय निसटू नये म्हणून लहान मूल चालतं, अगदी तसं! फेन्नाच्या ओठांवर आलेले शब्द तिथेच विरले. ही चाल तिला पाठ होती. अंगणातल्या विटांवरचा तिचा आवाज पाठ होता. बूट जाऊन तीस वर्षं झाली, पण उजव्या टाचेची ती खोड काही रेन्स्केला सोडून गेली नव्हती!

आणि मग त्या पावलांबरोबर काहीतरी वर येऊ लागलं. थंडी. पांढरं तळं. लाकडी धक्का, आणि धक्क्यावरून दूर दूर जाणारी रेन्स्केची पाठ... उजवी टाच, हिसका, पाऊल... पायात स्केट नव्हते, साधे बूट होते. ती गाडीकडे परत निघाली होती! "अगं, नाही पेलायचा तो बर्फ, फेन, चल ना घरी!" आणि मागून हसत, हात हलवत कुणीतरी ओरडत होतं, "भित्री! भागूबाई! बघ मी कशी जाते ते!" तो आवाज फेन्नाचा स्वतःचा होता.

"थांबवा!" ती किंचाळली.

मिर्थेने घाबरून बटण दाबलं. "दुखलं का? कुठे दुखलं?"

"रेन्स्के कुठे आहे?"

"अहो, नाव आम्हाला..."

"वोल्टर! कुठे आहे माझी बहीण?"

वोल्टरने एकदा मिर्थेकडे पाहिलं, आणि पाच महिने वाहिलेलं ओझं खाली ठेवावं तसा श्वास सोडला. मग त्याने शेजारच्या खोलीचं दार उघडलं. काचेआड रेन्स्के उभी होती. सोनेरी केस, वाळलेला चेहरा, अंगात प्रवासाचा कोट. "एकदा बघू दे, लगेच जाते" एवढ्या बोलीवर ती आली होती. दारातच ती अडखळली आणि मान खाली घालून म्हणाली, "तू तोंड दाखवू नको म्हणाली होतीस... मी निघतेच आहे."

"मला बर्फावर कुणी नेलं?"

"मी. माहीत आहे की तुला."

"खोटं! तुझ्या पायात बूट होते. तू परत निघाली होतीस. मी तुला भित्री म्हणाले!"

रेन्स्केचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, पाय गेले. मला वाटलं, ही शुद्धीवर आली की कुणावर तरी चिडणारच. स्वतःवर चिडलीस तर जगायची नाहीस तू, फेन... तुझा स्वभाव मला माहीत नाही का? म्हटलं, माझ्यावर चिडू दे. माझं काय... मी लांब राहीन."

"आणि आई?" फेन्नाला हुंदका आवरेना. "आई तुझ्यावर रागावूनच गेली गं! मी तुला मागच्या बाकावर बसवलं! आता तिला कोण सांगणार?"

वोल्टरने डोळे पुसले. सांगाड्यात अडकलेल्या फेन्नाला पुढे वाकता येत नव्हतं, म्हणून तिने नुसतेच दोन्ही हात पसरले. आणि मास्ट्रिख्तहून दर गुरुवारी चार तास येऊन चार तास परत जाणारी ती धाकटी, उरलेली दहा पावलं लहान मुलीसारखी धावत आली.

"आणि तू!" बहिणीच्या खांद्यावरून फेन्ना नवऱ्यावर कडाडली. "म्हणे गायनमंडळ!"

"स्टेशनवरून हिला आणायचं, परत सोडायचं... हिने शपथ घातली होती," वोल्टर कसाबसा म्हणाला. "दुसरं खोटं सुचलं नाही."

"आणि मी इकडे मिर्थेचा गळा धरणार होते!"

"माझा?" मिर्थेने वेणी चाचपली. तिला बिचारीला काहीच उमगेना. जरा वेळाने ती चाचरत म्हणाली, "ती उजव्या टाचेची लकब आहे ना, ती आम्ही काढून टाकू शकतो हं. अगदी सरळ चाल होईल."

"हात लावायचा नाही तिला!" फेन्ना म्हणाली. "माझे बूट आहेत ते. सुरू करा परत."

त्या दिवशी ती चाळीस मिनिटं चालली. शेजारी जमिनीवर रेन्स्के चालत होती, आणि दोघींची उजवी टाच एकाच वेळी उशिरा उचलली जात होती.

संध्याकाळी घरी आल्यावर फेन्नाने शौचघरातलं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि पेन मागितलं. सहा मार्चपुढची ती काळी शाई काही निघण्यासारखी नव्हती. त्याच महिन्यात, नऊ तारखेला, आईचं नाव अजून तसंच होतं. ते काढायचा धीर कुणाला झाला नव्हता. त्याच्याखाली थोडी जागा होती. तिथे फेन्नाने आईला चिकटूनच रेन्स्केचं नाव लिहिलं, पुढे कंसात सहा तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत कॅलेंडर मांडीवरून हलवलं नाही.